टेबलावरची चार अक्षरं

१

मी दारात पोचले तेव्हा माणूस जमिनीवर मरून पडला होता आणि त्याच्या हाताखालचे लोक टेबलावरच्या चार लाकडी ठोकळ्यांवरून भांडत होते. मेलेल्याच्या दागिन्यांवरून, घरावरून, एकदा तर त्याच्या कुत्र्यावरूनही भांडणारे लोक मी पाहिलेत. एका इंग्रजी शब्दावरून भांडणारे मात्र पहिल्यांदाच पाहिले, आणि खरं सांगते, मला धक्काच बसला.

"अहो, जरा शुद्धीत या!" मी ओरडले. "हवालदार, यांना मागे घ्या."

ते ऑफिस शब्दकोशाचं होतं. शाळेतल्या मुलांसाठी रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश तिथे तयार होत होता. प्रत्येक शब्दाचे तीन भाग असायचे: त्याचे अर्थ, तो मुळात कुठून आला, आणि त्याचीच अक्षरं उलटीपालटी करून आणखी कुठले शब्द होतात. या सगळ्याचा कर्ताधर्ता म्हणजे सर. आता ते टेबलाच्या पलीकडे पालथे पडले होते आणि कपाळावर खोक होती. वर त्यांचं घर, खाली ऑफिस, दोन्हींना जोडणारा एक आतला जिना. भिंतीवर सरांच्याच अक्षरातली पाटी होती: 'आधी आवरा, मग बोला.' पाटीचा धाक असा की कपाटातली रद्दीसुद्धा काटकोनात रचलेली होती.

टेबलाच्या अलीकडच्या कडेला ते चार ठोकळे ओळीत होते. एकेका ठोकळ्यावर एकेक इंग्रजी अक्षर. मी वाचलं. एस, टी, ओ, पी.

"स्टॉप," सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले गृहस्थ म्हणाले. हे उपसंपादक. शब्दांचे अर्थ यांच्याकडे, म्हणून ऑफिसात सगळे यांना अर्थवाले म्हणत. "थांब! मरता मरता सरांनी लिहून ठेवलंय, मॅडम. आणि आज सकाळी हाच शब्द या खोलीत कोण किंचाळत होतं, ते सगळ्यांनी ऐकलंय."

त्यांनी बोट दाखवलं. भिंतीला टेकून उभी असलेली बाई पांढरीफटक पडली. ती सरांची मुलगी होती.

२

आधी मी वर गेले. नवरा गेल्याचं सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, कुणीतरी कळवलं होतं, पण पोलिसांनी जायला हवंच.

काकू स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. एका खुर्चीत बसून, दुसऱ्या खुर्चीवर टब ठेवून. गुडघे पार गेलेले, उभं राहवत नाही, हे जिन्यातच मला मुलीने सांगितलं होतं.

"काकू, तुमच्याशी बोलायचं होतं," मी म्हटलं.

"बसा. एवढं आवरते आणि बोलते," त्या म्हणाल्या.

मी उभीच राहिले. माझी आई गेली तेव्हा मी तीन दिवस गॅस पेटवला नव्हता. इथे नवऱ्याचं प्रेत खाली पडलंय आणि ही बाई कपाच्या कानात बोट घालून साबण लावतेय! पण दुःखाची रीत ज्याची त्याची. शेवटचा कप पालथा पडल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"खाली कधी गेला होतात?"

"या गुडघ्यांनी? मी आता खाली जात नाही," त्या म्हणाल्या. "माझी लेक कुठाय?"

"खालीच आहे."

"तिला वर पाठवा. जेवली नसेल ती."

खाली तिच्यावर खुनाचा आळ आलाय, हे त्या आईला सांगायला माझी जीभ रेटेना.

खाली डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलं त्याने गुंता सुटायच्या ऐवजी वाढला. हृदयविकाराचा झटका, आणि पडताना कपाळ टेबलाच्या कडेला आपटलं. "किंवा कुणीतरी ढकललं, आपटले, आणि मग झटका आला. मला नक्की सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या गोळ्या मात्र इथेच आहेत. टेबलाच्या अलीकडच्या बाजूच्या खणात. वेळेवर जिभेखाली एक गेली असती तर कदाचित वाचले असते."

खण बंद होता. आत गोळ्यांची डबी, झाकण लावलेली.

अर्थवाल्यांना मी बाजूच्या खोलीत घेतलं. माणूस बोलायला इतका उतावीळ की विचारायच्या आधीच उत्तर तयार.

"भांडण कशावरून झालं?"

"सरांनी उलटापालटीचा भाग काढून टाकला म्हणून. म्हणजे ते अक्षरं फिरवण्याचं. कोशात त्याला काय अर्थ आहे? पोरखेळ! शेवटी सरांनाही पटलं. नमुन्याचं पान छापायला जायचं होतं, त्यावरून त्यांनी तो भाग लाल रेघेने कापला. तो भाग मुलीकडे होता. सकाळी ती सरांच्या खोलीत जाऊन ओरडली, 'स्टॉप इट, बाबा!' जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या खोलीत होतो. ती मात्र बाहेर चक्कर मारायला गेली म्हणे. एकटीच."

"सरांच्या जागी आता कोण येणार?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तसं... ज्येष्ठतेने पाहिलं तर मी."

मी चारही ठोकळे त्यांच्यासमोर ओतले. "यातून तुम्हाला काय दिसतं?"

त्यांनी क्षणात अक्षरं जुळवली. झालं 'पोस्ट'. मग काय केलं ते लक्षात येऊन त्यांनी हात असा मागे घेतला की खुर्ची करकरली. पोस्ट म्हणजे पद! ज्याच्या मनी जे, असं मी म्हणणार होते, पण हवालदाराने दारातून डोकं घातलं.

"मॅडम, त्या मूळबाई म्हणतायत की टेबलावर 'स्टॉप' नव्हतंच."

३

मूळबाई म्हणजे शब्दांची मुळं शोधणाऱ्या. बारीक, ताठ, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांना वाटेत कुणी गाठलं तर साध्या 'हॅलो'चीही वंशावळ ऐकावी लागत असणार.

"सुट्टी संपल्यावर सरांना बोलवायला मीच आधी आत गेले," त्या म्हणाल्या. "सर पडलेले दिसले. मी किंचाळले. सगळे धावत आले."

"आणि ठोकळे?"

"तेच सांगतेय. किंचाळण्याआधी माझी नजर टेबलावर गेली. तिथे शब्द नव्हता. ओ, पी, एस, टी. याचा काहीच शब्द होत नाही. मला वाटलं, भीतीने माझेच डोळे फिरले."

"मग 'स्टॉप' कुणी केलं?"

"ते मी पाहिलं नाही. सगळे सरांवर वाकले होते. मीसुद्धा. मान वर केली तेव्हा अर्थवाले ओरडत होते, 'स्टॉप लिहिलंय!'" त्यांनी श्वास घेतला. "मॅडम, मूर्खपणा आहे हो हा सगळा. तेवढ्याच अक्षरांत पोस्ट आहे, स्पॉट आहे, भांडी म्हणजे पॉट्स आहेत, टॉप्स आहे, ऑप्ट्स आहे. मरणारा माणूस कोडं घालत बसतो का? आणि 'पोस्ट' म्हणाल तर तो तरी एक शब्द कुठे आहे? खांब या अर्थाचा पोस्ट लॅटिनमधल्या दाराच्या खांबावरून आला. टपालाचा आणि पदाचा, दोन्ही 'ठेवणे' या क्रियापदावरून. वाटेत ठिकठिकाणी घोडेस्वार ठेवलेले असत ना, तिथून. 'नंतर' या अर्थाचा तिसराच. दिसायला सारखे, पण नात्यातले नव्हेत. आणि 'स्टॉप'चं मूळ थांबणं नाहीच. भोकात बोळा कोंबून ते बुजवणं."

"तोंड बुजवणं म्हणा की," मी म्हटलं.

"म्हणा," त्या म्हणाल्या, आणि एवढा वेळ ताठ असलेली बाई एकदम रडायला लागली.

मी पुन्हा सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. डोक्यात एकच गोष्ट घोंगावत होती. ठोकळे टेबलाच्या अलीकडच्या कडेला होते आणि अक्षरांची तोंडंही अलीकडेच होती. सरांच्या खुर्चीतून ती उलटी दिसली असती. म्हणजे सरांनी काहीच लिहिलं नव्हतं. दुसरं कुणीतरी इथे, या बाजूला होतं.

तेवढ्यात मला ते स्टूल दिसलं. ठेंगणं, लाकडी, टेबलाला अगदी चिकटून. शेजारी जमिनीवर कागदांचा गठ्ठा होता, काटकोनात रचलेला. हा गठ्ठा स्टुलावरून उचलून खाली ठेवला होता, हे स्टुलाच्या कडांना राहिलेल्या धुळीच्या चौकटीवरून कळत होतं.

सर पडले तेव्हा कुणीतरी इथे बसलेलं होतं.

४

मुलीला बोलावलं. चाळिशीची, केस मागे घट्ट बांधलेले. मी ठोकळे समोर ओतले तर तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"हात वर घे."

"नको."

"ठोकळे चावतात का?"

ती हसली नाही. माझ्या विनोदांना घरीही कुणी हसत नाही, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

"खरं सांग. सगळे बाबांवर वाकले तेव्हा ठोकळे तू हलवलेस ना? आधी तिथे ओ, पी, एस, टी होतं. तू 'स्टॉप' केलंस."

तिने हात आणखी आत ओढले.

"तुझ्या हाताला जो शब्द आला तो तू लावलास. सकाळी तूच तो ओरडली होतीस हे तुझ्या ध्यानातही आलं नाही. स्वतःच्याच गळ्यात कोण फास अडकवतं? एवढी शिकलेली तू, पण त्या घडीला तुझं डोकं चालत नव्हतं. तू घाईत काहीतरी झाकत होतीस. काय?"

"मी ढकललं त्यांना," ती म्हणाली.

हवालदाराच्या हातातलं पेन खाली पडलं.

"मी बाहेर गेलेच नव्हते. त्यांच्याकडे परत आले. पुन्हा भांडण झालं. मी ढकललं, ते पडले. घ्या लिहून. आणि मला न्या इथून. आईला मात्र आत्ता काही सांगू नका."

"गोळी का नाही दिलीस?"

"सुचलं नाही."

"तेव्हा तू कुठे होतीस?"

"टेबलासमोर उभी होते."

"स्टुलावर बसली नव्हतीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जगाबाहेरचं काही विचारलं. "बाबांसमोर? बाबांसमोर ऑफिसात कुणी बसत नाही. मी इथे लागले तेव्हापासून एकदाही बसले नाही. कुणालाही विचारा."

विचारायची गरज नव्हती. स्टुलावरच्या धुळीनेच ते सांगितलं होतं. आणि बोलता बोलता तिलाही कळलं की तिने काय सांगून टाकलंय. तिने माझा हातच धरला.

"मॅडम, मी ढकललं. मी सांगतेय ना! तुम्हाला एक गुन्हेगार हवाय, तो मिळाला. आता बास करा."

इतक्या वर्षांत गुन्हा नाकबूल करणारे मी ढिगाने पाहिलेत. गुन्ह्यासाठी असं गयावया करणारं कुणी पाहिलं नव्हतं. ती कुणाला झाकतेय ते मला कळलं. कारण ज्याला उभं राहवत नाही असं त्या घरात एकच माणूस होतं.

५

आम्ही वर गेलो. मी, हवालदार आणि मुलगी. मी तिला सांगितलं होतं, एक शब्द बोलायचा नाही.

काकूंनी चहाचे कप मांडले होते. मी ठोकळे त्यांच्यासमोर टेबलावर ओतले. कुणाला अपराधी ठरवायला मी असे खेळ करत नाही, पण त्या दिवशी केला.

"काकू, हे ठोकळे ओळखता?"

"माझेच ते. आमचं लग्न झालं त्या वर्षी सुताराकडून करून घेतले. लेकीला ए-बी-सी-डी यांच्यावरच शिकवली."

"मग उलटापालटीचं काम मुळात तुमचं?"

"मुळात काय, अजूनही निम्मं मीच करते. रात्री ती शब्द आणते, मी या टेबलावर फिरवते." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "कोशावर नाव त्यांचं असतं. असू दे. पण मुलं सगळ्यात आधी तोच भाग उघडतात, हे मी शाळेत जाऊन पाहिलंय. अर्थ कुणी वाचत नाही हो. चार अक्षरांतून सहा शब्द निघतात म्हटल्यावर पोरं नाचतात नुसती."

त्या बोलत होत्या आणि त्यांची बोटं आपोआप ठोकळ्यांवरून फिरत होती. मी त्या बोटांकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी पाहिलं. एक ठोकळा डावीकडे, एक उजवीकडे, मग एक हलकासा धक्का देऊन चारही सरळ ओळीत.

ओ, पी, एस, टी.

मुलीने डोळे मिटून घेतले.

"काकू, याचा तर काहीच शब्द होत नाही," मी म्हटलं.

"शब्द नाहीच तो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "ती रीत आहे आमची. काम झालं की अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवायची. मग ती पिशवीत टाकायची. विस्कटलेलं तसंच सोडून उठायचं नाही. आमच्याकडे कुणीच उठत नाही."

"आज दुपारी सरांच्या टेबलावर ती अशीच लावलेली होती."

त्यांची बोटं थांबली.

"मूळबाईंनी ती तशी पाहिली. तुमच्या लेकीनेही पाहिली. पाहताक्षणी तिला हात ओळखू आला, आणि तिने ती विस्कटली."

"मी ढकललं बाबांना!" मुलगी ओरडली. "आई, तू काही बोलू नकोस! मी यांना सगळं सांगितलंय."

काकूंनी लेकीकडे पाहिलं. मी पुष्कळ चेहरे पाहिलेत, पण तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. नवरा गेल्याचं ऐकून जी बाई कप घासत बसली होती, तिचा जीव आत्ता, या वाक्याने गेला.

"तू काय सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलंस? अगं, कशाला?"

६

"थांबा," काकू म्हणाल्या आणि कप गोळा करायला लागल्या. "एवढं आवरते आणि सांगते."

"आई!" मुलीने कप हातातून काढून घेतला. "आधी बोल."

काकू रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या. मग बोलल्या. सलग नाही, तुटत तुटत.

सकाळचं भांडण त्यांनी वरून ऐकलं होतं. खाली सगळे जेवायला गेल्यावर त्या जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर बसत खाली उतरल्या. 'पोस्ट'चे चार ठोकळे पिशवीत घालून नेले. नवऱ्यासमोर कागद उचलून स्टुलावर बसल्या, कारण उभं राहणं शक्यच नव्हतं.

"मी त्यांना म्हटलं, नमुन्याच्या पानावरचा शब्द 'पोस्ट' आहे ना? बघा, करून दाखवते. स्टॉप केलं. स्पॉट केलं. पॉट्स केलं. ते म्हणाले, 'झाला खेळ? जन्मभर केलास, आता पुरे. आवर हे आणि वर जा.' मी आवरायला घेतलं."

"मग?"

"मग ते उठले आणि छाती धरली. म्हणाले, 'गोळी.' टेबलाला आपटून खाली पडले. खाली पडल्यावर पुन्हा म्हणाले, 'गोळी.' खण माझ्या हाताशी होता." काकूंचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा इतका. "मी म्हटलं, आवरते आणि देते."

मुलीने हातातला कप खाली ठेवला.

"चारच तर ठोकळे. ओ लावला, पी लावला. एस आणि टी उलटे पडले होते, ते सरळ केले. मग बघितलं तर ते गप्प झाले होते. मला वाटलं, रागावून गप्प झाले. नेहमीसारखे." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "मग कळलं. ठोकळे पिशवीत टाकायचे राहिले. मी तशीच वर आले आणि भांडी घासायला घेतली."

मी खुर्चीत बसले. खाली अर्थवाले 'स्टॉप'चे अर्थ लावत होते, मूळबाई मूळ सांगत होत्या, आणि झालं होतं ते एवढंच. तो माणूस जमिनीवर गोळी मागत होता आणि त्याची बायको त्याच्याच पाटीप्रमाणे आधी आवरत होती. ढकललं कुणी नव्हतं. कायद्यात याला काय म्हणतात ते वकील ठरवतील. मला त्या घडीला एकही शब्द सापडत नव्हता, आणि खाली शब्दांची कपाटंच्या कपाटं भरलेली होती.

"तुमची लेक सुटली, काकू," मी म्हटलं. "तिने काही केलं नाही. ते मी लिहून घेते."

काकूंनी मान हलवली, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या लेकीकडे वळल्या.

"तू एवढी शिकलेली आहेस," त्या म्हणाल्या. "सांग बाई. मी ते मुद्दाम केलं, की सवयीने केलं? मला खरंच कळत नाहीये गं. दुपारपासून मी तेच शोधतेय."

मुलगी गुडघ्यांवर बसली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडायला लागली. तिचा धक्का लागून ठोकळे टेबलावर विस्कटले, एक घरंगळत कपाला जाऊन टेकला.

काकूंचा हात ठोकळ्यांकडे गेला. मुलीने तो मधेच धरला आणि धरूनच ठेवला. मी ठोकळे हाताला आले तसे उचलून पिशवीत टाकले.